घाटावरचा तिसरा दगड

ह्यांची बदली बडोद्याहून नर्मदेकाठच्या एका लहानशा गावी झाली, तेव्हा मांडवीतलं घर सोडताना मी सामानाची यादी केली. पाट, परात, पितळी डबे, सुईदोरा, सगळं टिपून बांधलं. धुण्याचा दगड काही यादीत नव्हता. महाराजांनी शहरात नळ आणल्यापासून मी नदीवर धुणं धुतलंच नव्हतं.

गावात प्रत्येक घराचा घाटावर दगड ठरलेला. सासूकडून सुनेला जायचा. मी पहिल्या दिवशी मोकळा दिसला त्यावर धुणं ठेवलं. तिसरा, सपाट, बसल्या जागी हाताशी पाणी. आजूबाजूच्या बायका थांबल्या.

"ए तो बेननो पथरो छे," एक म्हातारी म्हणाली.

बेन म्हणजे आमच्याआधीच्या मराठी कारकुनाची बायको. तिला गाव सोडून चार महिने झाले होते, तरी दगड तिचाच. मला कडेचा शेवाळलेला मिळाला. त्यावरून दोनदा घसरले.

"नळवाळां बेन पड्यां!" नळाची सवय असलेली बाई, म्हणजे मी, पडले म्हणून सगळ्या हसल्या.

बेनच्या हातचे पोहे, बेनने शिवलेली झबली, रोज तेच. मीही एका बाळंतिणीला झबलं शिवून दिलं, टाके अगदी बारीक. "बेन पण आपतां," बेनही द्यायच्या, असं ती म्हणाली. न पाहिलेल्या त्या बाईचा मला राग येऊ लागला. मला फक्त तो दगड हवा होता, आणि तो त्या बायकांनी आपणहून द्यायला हवा होता.

मार्गशीर्षात ती बेन स्वतः स्नानाला आली. बायका धुणं टाकून धावल्या. मी देखणी बाई मनात धरली होती. ही स्थूल, गबाळी, मोठ्याने हसणारी. तिने मला कडेला पाहिलं.

"अगंबाई, वहिनी, तिथे कुठे धुताय? कंबर मोडेल! माझा दगड घ्या की." मग बायकांकडे वळून, आता तो ह्यांचा म्हणून बजावलं, "हवे ए एमनो, हं के!"

झालं. मला इतक्या दिवसांत जमलं नाही, ते तिने हसत हसत देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीने स्वतः माझं धुणं तिसऱ्या दगडावर नेऊन ठेवलं. "बेननो पथरो. साचवजो," म्हणाली, म्हणजे बेनचा दगड, नीट सांभाळा.

तीन वर्षं मी तिथे धुतलं. दगड चांगला होता. माझा मात्र झाला नाही.

पुन्हा बदली झाली, तेव्हा नव्या कारकुनाच्या बायकोसाठी मी यादी लिहून ठेवली: दूध कुणाकडे, सरपण कुठे, नाव कुठल्या वारी सुटते, मोरीत साप निघतो तो कोपरा. खाली जागा उरली होती. दगडाचं लिहिलं नाही. ते म्हातारी सांगेलच, आणि ती कुणाचं नाव घेईल तेही मला ठाऊक होतं.