वयनीची दांडी

वयनी गेली तेव्हा मी सावंतवाडीला भावाकडे होते. निरोप मिळाला आणि पहिल्या गाडीने निघाले, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंगणात आदल्या दिवशी तिने वाळत घातलेलं लुगडं तसंच होतं. दोरी मधोमध दुबेळक्याच्या, टोकाला दोन फाटे असलेल्या दांडीने उंच धरलेली… त्याला महिना उलटला, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. बसले की उठते, आणि उठले की अंगणात जाते.

वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ, माहेर देवबागचं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिची कामं बघून चक्रावलेच. आम्ही टाचा उंचावून कपडे वाळत घालायचो. ही दोरी सैल सोडून कमरेच्या उंचीवर कपडे टाकी, मग खालून दांडी लावून दोरी वर उचली. विहिरीवर आम्ही हातांनी दोर ओढून घामाघूम. ही दोर कमरेशी धरून माडापर्यंत चालत जाई, तिथे वळसा घालून अडकवी आणि सावकाश येऊन कळशी उतरवून घेई. आमच्या डोक्यावर हंडा, हिच्या डाव्या कमरेवर कळशी, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून त्यात फणसाचं पान. माझ्याआधी तिचं काम उरके. मला ते खुपायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा विहिरीवर चारचौघींत मी बोलून गेले, "आमच्या वयनीक कामाचो कंटाळो, म्हणान ह्यो युक्त्यो." सगळ्या हसल्या. वयनी मागेच उभी होती.

"असांदे," ती म्हणाली. "माका असाच जमता."

राग नाही, काही नाही. पण त्यानंतर तिने मला एकही नवी युक्ती सांगितली नाही. मीही विचारलं नाही. एका चुलीवर जेवत होतो, एवढंच.

बाराव्याला तिची धाकटी बहीण आली होती. हात धुवायला अंगणात आली आणि ती दांडी हातात घेऊन रडायला लागली. म्हणाली, "तिचो उजवो हात खांद्याच्या वर कधी जायच नाय गो. ल्हानपणी होडयेरसून पडलेली. आवशीन बजावल्यान, सासरी कोणाक सांगू नको म्हणान."

पंधरा वर्षं एका घरात राहिले मी. तिला कधी वेणी घालताना पाहिलं नव्हतं; ती बांधायची तो मानेवर, खाली, सैल अंबाडा. तेही दिसलं नाही मला. सांगायचं होतं तिला, चुकलं माझं म्हणून. आता कुणाला सांगू?

माझे दोन्ही हात चांगले वर जातात. तरी रोज सकाळी मी दोरी सैल सोडते, कमरेशी कपडे टाकते आणि डाव्या हाताने दांडी लावते. उजवा हात पदरात धरून ठेवते.