साग तुळशीच्या कुळात गेला, तेव्हा

मंडळी, आज सकाळी तळजाईच्या टेकडीवर आमच्या घरच्यांमध्ये चक्क एका झाडावरून वाद झाला.

माझे सासरे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. माझी मुलगी केतकी त्याच विषयात एमएस्सी करते. सागाखाली थांबून सासरे मला म्हणाले, "हा घाणेरीच्या कुळातला बरं का."

केतकी म्हणाली, "आजोबा, आता तो तुळशीच्या कुळात आहे. डीएनए जुळवल्यावर कळलं."

"अस्सं? मग आता सागाला वृंदावन बांधू या!"

मी मनात म्हटलं, झालं! आयुष्यभर वर्गात जे शिकवलं, ते नातीनं एका वाक्यात खोडलं. केतकीचाही चेहरा पडला.

सासरे थोडं पुढे गेले आणि परत फिरले. सागाची कोवळी फांदी वाकवून त्यांनी बोटांत फिरवली. "चौकोनी आहे. तुळशीची काडीही अशीच असते," ते पुटपुटले. मग दगडावर बसून म्हणाले, "केतकी, डीएनए जुळवतात म्हणजे नेमकं काय करतात? नीट सांग."

पुढे कितीतरी वेळ ती सांगत होती आणि ते प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. मी तर ऐकतच राहिले.

घरी येताच त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता स्वतः कॉलेजात शिकवतो.

"अरे, सागाचं कूळ बदललेलं तुला माहीत होतं?"

"हो सर. पण तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

तुमच्या शिक्षकांना असं काही सांगायचं तुमचंही राहून गेलंय का?