बॉयलरपाशी ऐकलेला फॅमिली डे

लिहायला बसवलंय मला. चौथी शिकलेला माणूस मी! नात कुठल्याशा ऑफिसात माणसं खूश ठेवायचं काम करते. म्हणते, "आजोबा, तुमच्या कंपनीतल्या फंक्शनचे किस्से लिहून द्या, आम्हाला कामाला येतील." अगं, असले किस्से धुराड्यातल्या काजळीसारखे. आपण जमवत नाही, ते जमतात. खरवडायला गेलं की आपलंच तोंड काळं होतं. तरी घे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तुर्भ्याला रंगाच्या कंपनीत मी बॉयलरवर होतो. बॉयलर पेटलेला असला की जागचं हलता येत नाही, आत पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेवर सारखा डोळा. बाहेर मैदानात दरसाल फॅमिली डे. करावे गावाहून आमची मंडळी नवं लुगडं नेसून यायची आणि बाजूची खुर्ची अडवून एकटीच बसायची. मी आत येरझाऱ्या घालायचो. माझं मागणं एकच, तासभर बदली माणूस द्या. त्या खुर्चीत बसतो.

*

पर्सोनेलचे सबनीस साहेब. फंक्शन सुधारायचं म्हणून त्यांनी फॉर्म काढला. माझ्याकडेही आला. "कार्यक्रम कसा वाटला?"

मी लिहिलं, "ऐकू आला."

साहेब धावत आले. "तांडेल, हे काय उत्तर झालं?"

"खरं हाय ते."

खाली बदली माणसाचंही लिहिलं होतं. त्यावर शेरा आला, "नोंद घेतली." आणि वर पाठवलेल्या रिपोर्टात काय? "आवाजाची व्यवस्था उत्तम!"

*

पुढच्या साली सुधारणा झाली. साहेब लोक आणि कामगार एकत्र खेळणार, संगीत खुर्ची! पॅकिंगचा इब्राहिम, म्हसळ्याचा, चहा घेऊन आला तेव्हा हसून हसून कप सांडत होता.

"बाळाराम, गाणं थांबलं नि सगळे उभेच! मोठे साहेब बसल्याबिगर बसनार कोन? जो तो म्हनतो, 'साहेब, तुमी बसा.' आठ खुर्च्या नि बसलेला मानूस एक!"

पहिल्याच फेरीत मोठे साहेब जिंकले. बक्षीस म्हणून थर्मास मिळाला. त्यांच्याच सहीने मागवलेला!

माझ्या फॉर्मवर त्या साली शेरा, "विचाराधीन."

*

मग साहेबांना कळलं की अर्ध्या लोकांना लिहायचा कंटाळा. म्हणून फॉर्मवर तीन तोंडं छापली. हसरं, गप्प आणि रडकं. एकावर खूण करा नि पेटीत टाका. पेटीला खेटून सबनीस साहेब स्वतः उभे, प्रत्येक कागद उघडून बघतायत. सगळ्यांनी हसऱ्यावर खूण केली.

इब्राहिमने तिथेच तोंडावर विचारलं, "साहेब, तुमी इथं उभे राहनार होते, तर बाकीची दोन तोंडं छापली कशाला?"

त्याला पुढचा महिनाभर रात्रपाळी लागली.

*

पुढच्या साली माझ्या मागणीचा निकाल लागला. सबनीस साहेब स्वतः वायरमन घेऊन बॉयलरवर आले. म्हटलं, आला बदली माणूस! वायरमन शिडीवर चढला आणि भिंतीला कर्णा ठोकून उतरला.

"घ्या तांडेल! आता सगळं स्पष्ट ऐकू येईल!"

*

आता शेवटचा सांगतो नि सुटतो.

माझी वीस वर्षं भरली त्या साली फॅमिली डेला माझा सत्कार होता. भिंतीवरचं घड्याळ मिळणार होतं. मी आठवडा आधी सबनीस साहेबांना सांगितलं, "त्या दिवशी तरी मानूस द्या." म्हणाले, "बघतो." त्या दिवशी मी नवा शर्ट घालून बॉयलरच्या काचेसमोर उभा. कोणी आलं नाही.

कर्ण्यातून नाव आलं, "बाळाराम तांडेल!"

परत एकदा, "बाळाराम तांडेल!"

मग सबनीस साहेबांचा आवाज, "तांडेल गैरहजर. वीस वर्षं झाली तरी काही जणांना कंपनीच्या कार्यक्रमाला यायला वेळ नसतो!"

माझी बायको पहिल्या रांगेत बसलेली. लोक हसल्याचंही कर्ण्यातून ऐकलं. चांगलं स्पष्ट.

डोक्यावर वाफेच्या भोंग्याची साखळी होती. म्हटलं, हजर आहे हे सांगायचं तरी कसं? ओढली. सोडलीच नाही.

पण भोंगा म्हणजे सुट्टी. वीस वर्षांची सवय! अख्खं मैदान उठलं. डबे उचलले, पोरं काखोटीला मारली, बायकांना मागे टाकून सगळे कार्ड पंच करायला पळाले. सबनीस साहेब माइकवर ओरडतायत, "बसा! बसा!" कोण बसतो?

स्टेजवर मोठे साहेब घड्याळ हातात धरून उभे. पहिल्या रांगेतून आमची मंडळी उठली, पदर खोचला, पायऱ्या चढली. माइक चालूच होता, म्हणून मला ऐकू आलं.

"द्या हिकडं. त्यो हजर हाय."

त्या साली फॉर्ममध्ये प्रश्न होता, "सर्वात आवडलेला कार्यक्रम कोणता?" पेटीपाशी कोणी उभं नव्हतं. झाडून सगळ्यांनी लिहिलं, "भोंगा."

मला मेमो मिळाला. घड्याळ भिंतीवर आहे, चालतंय. माफी यायची राहिली आहे. नाव पुरं लिहून ठेव गं पोरी. मधुकर सबनीस, पर्सोनेल ऑफिसर.