किट सरांची किट्स आणि मीराबाईची परीक्षा

ए, फोन ठेवू नकोस, आधी ऐक! आत्ता काय झालंय ना, तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. मी शेवगावच्या पुढे एका गावात, झेडपीच्या शाळेमागे उभी आहे. हातात मीराबाईच्या परीक्षेचा कागद आहे आणि मार्कांची चौकट अजून कोरी!

थांब, तुला मीराबाई माहीतच नाही. आणि आमचे सर माहीत नसतील तर आजचं काहीच कळणार नाही. आमच्या संस्थेत किस्से कसे साठतात सांगू? सावेडीच्या ऑफिसात जिन्याखाली परत आलेली किट्स साठतात ना, तसे. एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात.

तर आमचं काम काय, की मोठ्या माणसांना वाचायला-लिहायला शिकवायचं साहित्य तयार करायचं. तक्ते, कार्ड, गोष्टींची पुस्तकं. आमच्या सरांना कुठलाही प्रॉब्लेम सांग, उत्तर एकच, ‘किट काढू!’ म्हणून आम्ही त्यांना किट सर म्हणतो. अर्थात पाठीमागे.

आणि मीराबाई? चाळिशीची. दरवर्षी दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाते. यंदा शाळेत खिचडी शिजवायची जागा निघालीये. शाळेच्या कमिटीचं म्हणणं, वाचता येतं असं आमच्या संस्थेचं सर्टिफिकेट आण, काम तुझं. टोळीचा ट्रक परवा निघतोय. आजच्या परीक्षेत पास होऊन सर्टिफिकेट मिळालं तर ती गावात, नाही मिळालं तर उसाच्या फडात. एवढं लक्षात ठेव, आता ऐक.

*

वर्ग सुरू करायच्या आधी सरांनी गावात लावायला पोस्टर काढलं. वरपासून खालपर्यंत मजकूर! ‘आपणांस वाचता येत नाही काय? काळजी करू नका! खालील नियम वाचून आपले नाव नोंदवा.’

गावात वर्ग घेणारी ज्योती आहे, बारावी झालेली, तिथलीच सून. ती बिचारी हळूच म्हणाली, “सर, ज्यांना वाचता येत नाही ते हे वाचणार कसं?”

सरांनी तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू तिलाच काही कळत नाही.

“म्हणून तर अक्षरं मोठी घेतलीत!”

महिनाभर एक नाव आलं नाही. शेवटी ज्योती घरोघर फिरली आणि तोंडाने सांगून पंधरा बायका गोळा केल्या. रिपोर्टात काय गेलं? ‘पोस्टरला उदंड प्रतिसाद.’

*

मग आलं ‘कुटुंब साक्षरता किट’. आयडिया अशी की घरातल्या दोघांनी जोडीने शिकायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं, बरोबर आलं की पाठीवर थाप मारून म्हणायचं, “शाबास!” कार्डावर चित्रच होतं तसं. सोफ्यावर बसलेली आई, मांडीवर पुस्तक, पायाशी कुत्रा.

मीराबाईची जोडी कोणाशी लागली? तिच्या सासूशी! हौसाआजी. सत्तरी पार, आवाज पोलीस पाटलाचा. आजी स्वतः एक अक्षर गिरवत नाहीत, पण वर्गाला पहिल्या. सुनेवर लक्ष कोण ठेवणार?

मीराबाईने पहिलं वाक्य बरोबर वाचलं. ज्योती म्हणाली, “आजी, आता शाबास म्हणा.”

आजींनी तोंड फिरवलं.

“आजी, कार्डात लिहिलंय.”

“लग्नाला इतकी वरसं झाली, हिला आजवर कदी शाबास म्हन्ले न्हाई. आता तुमच्या कार्डापायी म्हनू व्हय?”

बरीच बोलणी झाली. शेवटी आजी ‘बरं’ म्हणायला तयार झाल्या. आणि आमच्या सरांनी काय केलं असेल? पुढच्या छपाईत कार्डावर छापलं, ‘शाबास / बरं (लागू असेल ते म्हणावे)’!

*

फडावर जाणाऱ्यांसाठी वेगळं किट होतं. सर म्हणाले, “लोक हलतात, तर फळाही हलला पाहिजे.” म्हणून चाकांचा व्हाईटबोर्ड! ऑफिसच्या फरशीवर सरांनी स्वतः ढकलून दाखवला. काय पळत होता!

ढेकळांत मात्र तो जागचा हलेना. मागच्या सीझनला मी फडावर गेले, तर बोर्ड कुठेच दिसेना. ऊसतोड्यांच्या कोप्या असतात ना, पाचटाच्या झोपड्या, त्यांच्या मागे मीराबाईने नेऊन दाखवला. बायकांच्या आंघोळीच्या आडोशाला दार म्हणून लावला होता. बाहेरच्या बाजूला सरांच्या अक्षरात तसंच होतं, ‘या, आपण सारे शिकू या!’

मी म्हणाले, “अहो, हे तरी पुसा!”

मीराबाई म्हणाली, “न्हाई पुसलं जात, ताई. पर्मनंट हाय. मुकादमाला वाचता येतंय, त्यो तिकडनं लाजून जातोय.”

*

पण सगळ्यांत कहर म्हणजे फोटो. पैसे देणाऱ्या कंपनीला ‘बिफोर-आफ्टर’ हवे होते. बिफोर काढायचे राहून गेले होते, वर्ग तर सुरू होऊन सहा महिने झालेले! सर म्हणाले, “काही नाही, एकाच दिवशी दोन्ही काढू. साड्या बदला फक्त.”

आफ्टर झाले मस्त. हातात पुस्तकं, तोंडभर हसू. मग बिफोर. बायका तशाच हसतायत, थांबेचनात. सर वैतागले.

“अहो ताई, हसू नका! जरा निरक्षर दिसा!”

मीराबाई म्हणाली, “म्हंजी कसं, सर?”

हौसाआजी बसल्या जागेवरून, “आगं, सरांनाच करून दावू दे की.”

आणि सरांनी दाखवलं गं! खांदे पाडले, तोंड उघडं टाकलं, डोळे कुठेतरी आभाळात. फोटोग्राफरने क्लिक केलं.

वार्षिक अहवालात बिफोरच्या पानावर तोच फोटो लागला. कंपनीचं मेल आलं, ‘चेहऱ्यावरचे भाव अत्यंत बोलके.’ सरांनी उत्तर दिलं, ‘धन्यवाद.’

*

आता आजचं ऐक.

परीक्षेसाठी उतारा सरांनी स्वतः लिहिला. प्रेमाने! गाडीत मला समजावत होते, “नाव मुद्दाम ‘बबन’ घेतलंय. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. याहून सोपा शब्द मराठीत दाखव!” नियम दोन. छापलेला शब्द बदलायचा नाही आणि दोन मिनिटांत उतारा संपवायचा. परीक्षक मी. घड्याळ सरांकडे.

मीराबाई समोर बसली. नवी साडी, घाम फुटलेला. मागे हौसाआजी. दारात मीराबाईचा नवरा, टोपी हातात घेऊन उभा. उतारा असा होता : ‘बबन सकाळी उठत नाही. बबन पाणी भरत नाही. आई म्हणते, बबन, ऊठ. बबन परत झोपतो.’

सरांनी मोबाईलवर वेळ लावली. मीराबाईने कागद डोळ्यांजवळ धरला, अक्षरांखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली,

“आमचे मालक सकाळी उठत न्हाईत. आमचे मालक पानी भरत न्हाईत. आई म्हन्ती, अवं, उठा. आमचे मालक परत झोपत्यात.”

सर कागद उलटसुलट बघायला लागले.

“मालक? मालक कुठे लिहिलंय यात?”

ज्योती त्यांच्या कानाशी, “सर, त्यांच्या नवऱ्याचंच नाव बबन आहे. सासूसमोर कसं घेतील?”

दारातून नवरा तापला, “ह्ये कुनी लिवलंय पर? मी कदी उशिरा उठतो?”

हौसाआजी म्हणाल्या, “लिवनाऱ्यानं खरंच लिवलंय!”

मी तर पदराआड तोंड लपवलं. पदर ज्योतीचा, मी जीन्सवर होते. पण सर ऐकतायत थोडेच! “शब्द बदललेत. चार चुका.” मीराबाईचा चेहरा असा उतरला ना. मी म्हणाले, “सर, शब्द ओळखल्याशिवाय बदलता येतो का?” सर म्हणाले, “नियमात तसं नाही.”

मग त्यांनाच काय सुचलं कोण जाणे. “तुमच्यात उखाण्यात नाव घेतात ना? मग घ्या उखाण्यात! एक संधी देतो. पण शब्द छापलेलेच पाहिजेत.”

आजींनी मान डोलावली. “उखान्यात चालतंय.”

पुन्हा वेळ लावली. मीराबाईने पदर सावरला, घसा साफ केला.

“एसटीच्या खिडकीतून टाकला रुमाल, बबनराव सीट धरत्यात, हीच त्यांची कमाल! ...सकाळी उठत नाही.”

टाळ्या! बायकांनी वर्ग डोक्यावर घेतला. त्यात वेळ गेला. दुसरा बबन आला.

“भाकरीला आलाय टम्म फुगा, बबनराव जेवत्यात कसं बघा! ...पाणी भरत नाही.”

पुन्हा टाळ्या! नवरा आता दारात लाजून लाल. मी ओरडतेय, “टाळ्या नका ना वाजवू, वेळ संपेल!” मीराबाई तिसऱ्या बबनपाशी आली. “आई म्हणते...” म्हणाली, आणि थांबली. नवा उखाणा आठवेना. आजी मागून कुजबुजतायत, “आगं, तुळशीचा घे, तुळशीचा!” तिने तोंड उघडलं आणि सरांचा मोबाईल वाजला. टुंग.

“अपूर्ण,” सर म्हणाले. “पहिल्यांदा शब्द बदलले, दुसऱ्यांदा वेळ संपली. परीक्षक तू आहेस, नियमाप्रमाणे भर.” आणि सरपंचांकडे चहाला निघून गेले. जाताना म्हणतायत, “पुढच्या वेळी उखाण्यांचं एक किट काढू.”

मी कागद घेऊन बाहेर आले, तर मीराबाई पाठोपाठ आली. रडली-बिडली नाही. म्हणाली, “ताई, एवढं सांगा. कोयत्याला धार लावू, का तसाच ठिवू?”

ती बघ, अजून तिथेच उभी आहे. सरांचा चहा संपत आला असेल. बोल ना यार पटकन, तू काय केलं असतंस?