डोक्याला हात

हिराबाईंना ‘उलट बोलणारी बाई’ असं पहिल्यांदा त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, मग टेलिफोन खात्यातले साहेब म्हणाले, आणि उतारवयात ‘सिल्व्हर मेडोज’ सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. तिघांनाही हिराबाईंचं उत्तर एकच होतं. “सुलट सांगून ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?”

आता खराडीत या सिल्व्हर मेडोजच्या जागी चांदीही कधी नव्हती आणि कुरणही नव्हतं. होती ती ज्वारी, आणि ती प्रेमलाताईंच्या सासऱ्यांची. संगणकाच्या कंपन्या आल्या, ज्वारी गेली, टॉवर उभे राहिले आणि प्रेमलाताई स्वतःच्याच शेतावर चौथ्या मजल्यावर राहायला आल्या. नव्या शेजाऱ्यांना त्या ओळख करून देत ती अशी: “आमची पाण्याची हीर तुमच्या पार्किंगखाली हाय.” हिराबाई तिथं आल्या त्या मुलामुळे. धम्मदीप सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्यानं हप्त्यांवर फ्लॅट घेतला होता. जन्मभर लोकांचे ट्रंककॉल जोडून दिल्यावर, पोराटोरांच्या हातात मोबाइल आले त्या सुमारास हिराबाई निवृत्त झाल्या होत्या आणि दुपारी त्यांना बोलायला कुणी उरलं नव्हतं.

दुपारची सोसायटी म्हणजे ओस गाव. मुलगे आणि सुना कंपनीच्या बसनं गेलेल्या, खाली फक्त वॉचमन आणि मांजरं. क्लबहाउसमागं एक खोली रिकामी पडून होती. हिराबाईंनी अर्जबिर्ज केला नाही. वॉचमनला कुलूप काढायला लावलं, सतरंजी अंथरली आणि विणायला बसल्या. चार दिवसांनी प्रेमलाताई डोकावल्या आणि बसल्या. मग सदाशिव पेठेतलं घर विकून आलेल्या कुसुमताई आल्या. शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झालेल्या, त्यामुळे बसण्याआधी त्यांनी दारावरच्या पाटीतलं शुद्धलेखन तपासलं. मग आणखी आल्या आणि बघता बघता मंडळ झालं. लोकर मंडईमागच्या दुकानातून यायची, सुया जिच्या तिच्या.

नाव हिराबाईंनी ठेवलं, ‘सुलट-उलट मंडळ’.

“जरा भारदस्त नाव नको का?” कुसुमताई म्हणाल्या.

“नुसतं सुलट विणलं की काठ गुंडाळतो, कुसुमताई. दोन सुलट, दोन उलट घातले तरच टोपी डोक्यावर बसते. यापेक्षा भारदस्त काय पाहिजे?”

मंडळाचं मुख्य काम टोप्यांचं. शेजारी नव्या टॉवरचं बांधकाम चालू होतं आणि मजुरांची पत्र्याची वस्ती तिथंच होती. खराडीची थंडी नदीवरून येते आणि पत्रा ती जपून ठेवतो. दिवाळी झाली की मंडळातल्या बायका वस्तीत जायच्या आणि मुलांची मापं घ्यायच्या. मापाची रीत हिराबाईंची, आणि त्या रीतीपुढं कुणाचं काही चालायचं नाही. मुलाला समोर बसवायचं, केस मागं सारायचे, लोकरीचा धागा भुवयांच्या वरून डोक्याभोवती फिरवायचा, गाठ मारायची आणि गाठीत नावाची चिठ्ठी अडकवायची. ज्या बाईनं माप घेतलं तिनंच ती टोपी विणायची आणि तिनंच ती मुलाच्या डोक्यात घालायची.

ही दोऱ्याची कडी खोलीतल्या खिळ्याला लटकायची. मंडळात तिला ‘डोकं’ म्हणत. त्यामुळे त्या खोलीतली भाषा बाहेरच्या माणसाला जरा भीतिदायक वाटे. “माझी दोन डोकी झाली, तिसरं उद्या उडवते.” “कुसुमताईंचं डोकं परवापासून अडकलंय.” “या डोक्यात काही अर्थ नाही, मुळापासून उसवा.” सेक्रेटरी एकदा दारातून हे ऐकून आल्या पावली परत गेले होते.

पहिल्या वर्षी कुसुमताई वस्तीत टेप घेऊन आल्या आणि तो मुलाच्या आईच्या हाती देऊन स्वतः चार पावलं लांब उभ्या राहिल्या. “तुम्हीच धरा, मी आकडा वाचते,” म्हणाल्या. हिराबाईंनी टेप काढून घेतला.

“लांबून मोजतात तो प्लॉट. डोक्याच्या मापाला हात लावावा लागतो.”

“अहो, पण अंदाज करता येतो की.”

“अंदाज पोह्यांना करा.”

कुसुमताई त्या दिवशी घरी जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आल्या आणि तसं सगळ्यांना सांगितलंही. पुढच्या वर्षी मात्र त्या पिशवीत फणी घेऊन आल्या. माप घेता घेता पोरींच्या उवा काढत बसल्या आणि र्‍हस्व-दीर्घही सुधारत बसल्या. हिराबाईंनी यावर चकार शब्द काढला नाही. काही विजय न बोलताच जास्त गोड लागतात.

असं बरं चाललेलं असताना शेफाली आली. ती याच सोसायटीत राहायची आणि धम्मदीपच्याच कंपनीत समाजकार्य विभाग सांभाळायची. मुलगी वाईट नव्हती. हसतमुख होती, वाकून नमस्कार करायची, फक्त वेळ नसायचा. ती खोलीत आली, खिळ्यावरच्या डोक्यांकडे बघून “सो क्यूट” म्हणाली आणि सतरंजीच्या कडेला उकिडवी बसली.

“काकू, आमची कंपनी तुमच्याबरोबर एक इव्हेंट करतेय. लोकर आम्ही देणार, कंपनीच्या निळ्या रंगाची. पुढं पांढऱ्यात आमचं नाव विणायचं. सगळ्या फ्री साइज. लॉनवर स्टेज, मुलं लाइनमध्ये येतील, आमचे व्हॉलंटिअर्स टोप्या देतील, फोटो होतील.”

“आणि मापं?” हिराबाईंनी विचारलं.

“मापं कशाला? फ्री साइज ना. आणि काकू, आमची पॉलिसी आहे, व्हॉलंटिअर्सनी मुलांना टच करायचं नाही. हायजीनचा प्रश्न असतो.”

हिराबाईंच्या सुया थांबल्या. ‘टच करायचं नाही’ याला मराठीत ‘शिवायचं नाही’ म्हणतात, आणि ते मराठी हिराबाईंना पाळण्यापासून येत होतं.

शेफालीनं जाता जाता मधाचं बोटही लावलं. या खोलीत जिम करायचं कमिटीच्या मनात होतं, मशिनं बघूनही झाली होती. पण कंपनीचा कार्यक्रम झाला तर खोली मंडळाकडेच राहील, असा शब्द तिनं सेक्रेटरींकडून घेतला होता. ती गेल्यावर हिराबाईंनी सुया पिशवीत टाकल्या.

“माझा नकार आहे,” हिराबाई म्हणाल्या. “माप न घेता मी एक टाकाही घालणार नाही.”

“हिराबाई, तत्त्व ठीक आहे,” कुसुमताई हळू म्हणाल्या, “पण ही खोली गेली तर आम्ही दुपारी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? सुनेच्या मायक्रोवेव्हच्या?”

हात वर झाले. निळ्या टोप्यांच्या बाजूनं सगळेच. प्रेमलाताईंचा हातसुद्धा, जरा उशिरा, पण वर झाला. “माझं रान गेलं तवा मी काय बोलले न्हाई,” त्या हिराबाईंकडे न बघता म्हणाल्या. “आता ही सतरंजीभर जागा तरी ऱ्हाऊ दे.” हिराबाईंना राग सगळ्यांचा आला, वाईट मात्र या एका हाताचं वाटलं. त्यांनी आपली पिशवी उचलली आणि त्या घरी गेल्या.

घरी धम्मदीपला सगळं आधीच कळलेलं. “आई, एक वर्ष फ्री साइज दिली तर काय बिघडतं? मुलांना टोप्या मिळतायत ना? प्रत्येक ठिकाणी उलट बोलायलाच पाहिजे का?”

तेव्हा हिराबाईंनी त्याला ती गोष्ट सांगितली, जी त्याच्या बापालाही कधी सांगितली नव्हती.

खडकीच्या वस्तीत त्या लहान होत्या, धर्म बदलायला अजून अवकाश होता. हिवाळ्यात एक मोटार वस्तीच्या तोंडाशी थांबली. आत चांगल्या घरच्या बायका होत्या, कुठल्याशा मंडळाच्या. त्या खाली उतरल्या नाहीत. दारातून एकेक स्वेटर फेकत गेल्या आणि पोरं झेलत गेली. हिराच्या वाट्याला तपकिरी स्वेटर आला, तिच्या हातून सुटला आणि धुळीत पडला. मोटारीतली एक बाई हसली. वाईट हसली नाही, उगाच हसली. तो स्वेटर हिराच्या गुडघ्यापर्यंत आला. ती तोच घालून, नाचत घरी गेली.

वडील, तात्याराव, कारखान्यातून नुकते आलेले. “कुणी दिला?” त्यांनी विचारलं.

“दिला नाही. फेकला.”

तात्यारावांनी स्वेटरची बाही चिमटीत धरून बघितली. मग म्हणाले, “उसव.”

हिरा रडली. थंडी होती आणि स्वेटर ऊबदार होता. पण तिनं उसवला. शेजारी एक दवाखान्यातली आया राहायची, तिनं सायकलच्या तारा घासून सुया करून दिल्या आणि टाके शिकवले. त्या तपकिरी लोकरीची हिरानं पहिली टोपी विणली ती बापासाठी. माप घ्यायला तिचा हात पुरेना, तेव्हा कुणापुढं मान न लववणारा तो माणूस तिच्यासमोर खाली वाकला. त्यांच्या डोक्याला तिनं तेव्हा पहिल्यांदा हात लावला. केस राठ होते आणि कपाळ कढत होतं.

“ऊब मिळते रे फेकलेल्यातही,” हिराबाई मुलाला म्हणाल्या. “पण अंगाला लागत नाही.”

धम्मदीप आईशेजारी येऊन बसला. म्हणाला, “मग त्या दिवशी तू जाऊ नकोस.”

“का? लॉन काय त्यांच्या बापाचं आहे? प्रेमलाताईंच्या सासऱ्याचं आहे.”

निळ्या टोप्या विणून झाल्या आणि एका रविवारी सकाळी लॉनवर मांडव उभा राहिला, पडद्यावर कंपनीचं नाव आणि टेबलावर टोप्यांचे खोके. मंडळातल्या बायका इस्त्रीच्या साड्यांत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मुलांची रांग दोरी बांधून केली होती. टोप्या देणाऱ्या पोराच्या गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर नाव समाधान. सुरुवातीला तो नीट एकेकाच्या हातात टोपी ठेवत होता. मग फोटोवाल्याला घाई झाली, रांग ढकलाढकली करू लागली, आणि समाधाननं हसत एक टोपी लांबच्या मुलाकडे उडवली. “कॅच!” मुलाला मजा वाटली. मग दुसरी उडाली, तिसरी. पोरं उड्या मारू लागली, फोटोवाला खूश झाला. एका लहान मुलीच्या हातून टोपी सुटली आणि गवतात पडली.

हिराबाई मागच्या खुर्चीवरून उठल्या. त्या सरळ दोरीखालून वाकून रांगेत शिरल्या आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या. साठी उलटलेली, सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेली बाई मुलांच्या रांगेत बघून समाधान गोंधळला. त्यानं एक टोपी पुढं केली. हिराबाईंनी हात मागं बांधले.

“डोक्यात घाल.”

“आजी, तुम्हीच घ्या ना…”

“घेत नाही. घाल.” आणि त्यांनी मान खाली वाकवली.

मोडेन पण वाकणार नाही अशी ख्याती असलेली ती बाई सगळ्या सोसायटीसमोर वाकून उभी राहिली आणि सरळ होईना. कॅमेरे थांबले. शेफाली “काकू, प्लीज” म्हणाली. शेवटी समाधाननं दोन्ही हातांनी ती टोपी त्यांच्या डोक्यात घातली. फ्री साइज अंबाड्यावर अडली आणि टुणकन उडून टेबलावर पडली. मुलं खो खो हसली.

“बघितलंस?” हिराबाई म्हणाल्या. “हात लावल्यावर कळतं.” त्यांनी पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला, साडी सावरून तिथंच गवतात बसल्या आणि टोपी पडलेल्या मुलीला समोर ओढलं. “ये गं. नाव काय तुझं?”

सेक्रेटरी माइकवरून “कार्यक्रमात व्यत्यय आणू नये” असं काहीतरी म्हणत होते. ते म्हणत असतानाच पहिल्या रांगेतून प्रेमलाताई उठल्या. “सरका,” त्या रांगेतल्या पोरांना म्हणाल्या आणि हिराबाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या. “हात वर करताना माझा खांदा दुखला बगा त्या दिवशी,” एवढंच म्हणाल्या. मग कुसुमताईंनी पर्समधून फणी काढली. एकेक करून पहिली रांग रिकामी झाली. समाधान बिचारा टेबलामागं उभा राहून काय करावं ते न कळून बघत होता, तेव्हा हिराबाईंनी त्यालाही हाक मारली. “बस. तुझंही डोकं घेते.” तो बसला, आणि हिराबाईंनी त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले.

खोली गेली, हे सांगायला नकोच. आठवड्यात मशिनं आली, आणि जिथं टोप्या विणल्या जात तिथं आता पुरुष जागच्या जागी पळतात. निळ्या टोप्या मंडळानं उसवल्या. कंपनीचं नाव टाक्याटाक्यानं सुटत गेलं, आणि त्याच लोकरीच्या मापाच्या टोप्या पोरांच्या डोक्यांवर बसल्या. मंडळ आता हिराबाईंच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर भरतं. घरात खिळे पुरेनात, म्हणून सगळी डोकी रस्त्याकडच्या बाल्कनीत दोरीवर लटकवलेली असतात आणि वाऱ्यावर हलतात.

मागच्या महिन्यात सेक्रेटरींनी खालूनच हाक मारली. बाल्कनीत काही लटकवायचं नाही असा सोसायटीचा नियम आहे, इमारतीची शोभा जाते, कपडे ताबडतोब काढा.

हिराबाई कठड्यावरून वाकल्या. “कपडे नाहीत ते. डोकी आहेत. काढायची असतील तर वर या, आणि हात लावून काढा.”

अजून कुणी वर आलेलं नाही.