माणकाखालचा डांक

मी आयुष्यात फारसं खोटं बोललेलो नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, एवढाच माझा इतिहास. डिचोलीच्या कचेरीत टेबलामागे बसून मी वर्षानुवर्षं हेच केलं, आणि तिथे याला शिस्त म्हणतात. घरात याला काय म्हणतात ते पन्नाशीला आल्यावर कळलं.

आमचं घर पेडणे तालुक्यात, मोपाच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याला. घरात माणकाची एक जुनी अंगठी होती. आमच्याकडे मुदी म्हणतात. पणजोबांची. चवथीला गणपतीच्या पूजेला जो बसेल त्याने ती घालायची, एरवी ती आत्याच्या ट्रंकेत. आत्या म्हणजे वडिलांची विधवा बहीण. आईवडील गेल्यावर घर तीच चालवी, आणि आम्ही चालत असू.

पूजेला थोरला भाऊ बसे. त्याच्या जाड बोटाला मुदी बेताची होई. गोव्याला घटक राज्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात त्याचं लग्न झालं आणि जूनमध्ये तो बोटीवर कामाला परत गेला. म्हणजे त्या चवथीला पूजेला मी बसणार होतो. मी विशीतला, बोटं झाडूच्या हिरांसारखी. मुदी घातली आणि हात खाली सोडला की ती जमिनीवर.

आत्याने मला मुदी देऊन पेडण्याच्या बाजारात आमच्या नेहमीच्या म्हाताऱ्या सोनाराकडे, शेटकडे, पाठवलं. माप लहान करून आण म्हणाली. शेटने डोळ्याला भिंग लावलं, मुदी उलटी केली, सुलटी केली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"हिला मी आग लावणार नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. या मुदीचं कोंदण मागून बंद आहे. खड्याखाली डांक आहे, म्हणजे चकचकीत रंगवलेला पातळ पत्रा. खडा जो लाल दिसतो त्यातला अर्धा लाल त्या पत्र्याचा. वेढा कापून झाळायचा, म्हणजे आगीवर जोडायचा, तर आधी खडा बाहेर काढायला हवा. कोंदणाची कड इतक्या वर्षांत झिजून कागदासारखी झाली आहे, ती उचलायला आठ-दहा दिवस सवड पाहिजे, आणि चवथीपूर्वी त्यांना सवड नव्हती. खडा न काढता कापली तर डांक जाईल. आणि एकदा हात बिघडला की जुनी वस्तू जुनी राहत नाही, मोड होते. मग तिला तराजूत घालायचं, बाकी काही नाही. आत मेणाचा दोरा गुंडाळा, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

आत्याने दोरा गुंडाळला. बोटाला सवय व्हावी म्हणून मुदी माझ्याकडेच ठेवायला दिली. मित्रांनी ती पाहिली आणि मुदीला बँडेज कशाला, पडली काय, असं विचारलं. दोन दिवस विचारलं. तिसऱ्या दिवशी मी दोरा काढून टाकला.

ते दिवस भाषेचे होते. राजभाषा कोकणी की मराठी यावर गावोगावी सभा होत. आमची मातृभाषा मराठी, हे आम्ही एकमेकांना पेडण्याच्या बोलीत पटवून द्यायचो. नव्या वहिनी मडगावकडच्या. त्यांचे वडील शिक्षक आणि कोकणीच्या बाजूचे. त्यांच्या घरी मराठी वर्तमानपत्र येई आणि ते त्यातल्या अग्रलेखांवर चिडत. लग्न या सगळ्याच्या आधी ठरलं होतं, त्यामुळे दोन्हीकडच्यांना बोलायला जागा राहिली नव्हती. आत्या तेवढी अधूनमधून जागा काढी.

म्हापशाला मराठीसाठी सभा होती. मी मुदी घालून गेलो. घोषणा देताना हात वर केला आणि मुदी बोटातून सुटून तीनचार रांगा पुढे गेली. घोषणा थांबल्या. शंभरेक माणसं भाषा सोडून जमीन बघू लागली. शेवटी बंदोबस्तावरच्या पोलिसाला ती त्याच्या बुटाशी सापडली आणि त्याने ती वर धरून कोणाची म्हणून कोकणीत विचारलं. मी कोकणीतच माझी म्हणालो.

तिथून मी सरळ बाजारात गेलो. तिथे एका सराफाच्या पेढीत उभ्या उभ्या माप करून देत. तिथल्या कारागिराने मुदी पाहून खडा काढू का, असं मला विचारलं. काढला तर उद्या मिळेल म्हणाला. पेडण्याची बस अर्ध्या तासात होती. मी म्हणालो, तशीच करा. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. हे दोनदा विचारणं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्याने खड्यावर ओली चिंधी गुंडाळली, खालून वेढा कापला, तुकडा काढला, फुंकणीने झाळला, घासून गुळगुळीत केला. काढलेला तुकडा कागदात बांधून दिला. मुदी बोटाला अशी बसली की मला वाटलं ती माझ्यासाठीच घडवली असावी. खडा लालच होता. घरी कळू नये म्हणून बसमध्ये मी जोडावर दोन वेढे दोरा गुंडाळला. त्यामुळे ती आता घट्ट होऊ लागली.

खडा लगेच काळा पडला नाही. चिंधीतलं पाणी आत उतरलं होतं, ते आपलं काम सावकाश करत होतं. चवथीला चार दिवस उरले तेव्हा खड्याची एक कड विझल्यासारखी झाली. आदल्या दिवशी तो पिकलेल्या जांभळासारखा होता.

त्याच दिवशी वहिनींच्या माहेरून वझें आलं. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेरून फळं, नारळ, लाडू, गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी फळंपानं असं ओझं पाठवायची आमच्याकडे रीत आहे. वहिनींचे वडील स्वतः घेऊन आले होते. मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला तेव्हा आत्याने माझा हात धरला.

"खडो काळो कसो पडलो?"

मी म्हणालो, माहीत नाही. हे मात्र खोटं होतं. वर फारसं असं लिहिलं आहे, त्यातलं हे एक.

 संध्याकाळी आत्या देवळात जाऊन कौल घेऊन आली. आमच्याकडे देवाच्या मूर्तीवर पाकळ्या लावून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तिने विचारलं होतं, घरात काही दोष आला आहे काय. उजवी पडली. दोष कुणाचा, ते तिने देवाला विचारलं नाही. घरात नवीन माणूस एकच होतं, आणि कोकणीवाल्याच्या घरातलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी आंघोळ करून नैवेद्याला लागायला आल्या, तेव्हा आत्याने त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबवलं. नव्या सुनेने पहिल्या चवथीला नैवेद्य करायचा असतो. आत्या म्हणाली, दोष उतरेपर्यंत नको. वहिनींनी कसला दोष म्हणून विचारलं. आत्याने माझ्या हाताकडे बोट दाखवलं. मी सोवळं नेसून, मुदी घालून, पूजेची फुलं निवडत होतो. मी फुलं निवडत राहिलो.

वझेंही त्या वर्षी ओसरीवरच राहिलं. वहिनींचे वडील आदल्या दिवशीच निघून गेले होते, एवढंच बरं झालं.

त्यानंतर मुदी ट्रंकेत गेली, ती कुणी घातली नाही, त्यामुळे तिचं माप कुणाला कळलं नाही. भाऊ परत आला, त्याला सगळं सांगण्यात आलं आणि तो पुढच्या बोटीवर गेला. पुढच्या पावसाळ्यात वहिनींचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. आत्याने ट्रंक उघडून खडा पाहिला, वहिनींकडे पाहिलं आणि ट्रंक बंद केली. 

मी सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षी ओरडा बसेल म्हणून भीत होतो. नंतर कौलाच्या विरुद्ध कसं बोलायचं म्हणून. मूल गेल्यावर तर आता सांगणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा होईल, असं मी स्वतःला समजावलं. हे समजावणं मला फार सोपं गेलं. मग मला नोकरी लागली. वहिनींना मुलगा झाला. राजभाषेचं काय ते ठरलं, दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं म्हणून घेतलं, वहिनींचे वडील वारले. वर्षभराचा रांधप, म्हणजे स्वयंपाक, वहिनी करत, आणि चवथीच्या सकाळी त्या आपोआप ओसरीवर बसत. ते का, हे आत्याला नंतर नंतर आठवतही नसावं. रीत झाली होती.

पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा मोपाच्या सड्यावर विमानतळासाठी जमीन मोजणारे फिरत होते. पुतण्याला पूर्वजांची काही वस्तू आपल्याकडे असावी असं वाटू लागलं होतं. शहरात नोकरी करणाऱ्यांना वाटतं तसं. त्याने मुदी मागितली. ती त्याच्या करंगळीतही जाईना. वहिनी म्हणाल्या, त्या खड्याला माझं नाव लागलंय, मीच नेऊन वाढवून आणते. गाडी माझ्याकडे होती. मी त्यांना पेडण्याला घेऊन गेलो.

म्हाताऱ्या शेटच्या जागी आता मुलगा बसायचा. त्याने बापाचंच भिंग डोळ्याला लावलं. मुदी उलटी केली. खाली ठेवली.

"ही आधी कुणीतरी कापलीय," तो म्हणाला. "खडा आत ठेवून. डांक भिजून कुजलाय. खड्याला काही झालेलं नाही."

वहिनी म्हणाल्या, माझ्या लग्नाआधी कधीतरी झालं असेल.

इथे मी गप्प बसू शकत होतो. सवय होती. शेटनेही मान हलवली होती. मी म्हणालो, "मी कापून घेतली. तुमच्या पहिल्या चवथीच्या आधी. म्हापशाला."

शेट तराजू पुसू लागला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी शेटला विचारलं, दुरुस्त होईल का. तो म्हणाला, होईल. खडा सावकाश काढतो, पहिला काप आहे तिथेच उघडून सोन्याचा तुकडा घालतो, म्हणजे नवी जखम नको, आणि नवा डांक बसवतो. खडा होता तसा लाल होईल. पण कापायच्या आधीची वस्तू ती होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वहिनी म्हणाल्या, चवथीपूर्वी द्या.

 गाडी सड्याच्या वळणावर आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझं पहिलं गेलं, तेव्हा तुम्हाला हे खबर होतं?"

"होतं."

त्यांनी काच खाली केली. घर दिसू लागलं तेव्हा म्हणाल्या, "चवथीला सगळी जमतील. आरती झाल्यावर तुम्ही सांगायचं. सून घरात यायच्या आधी. नाहीतर खडा लाल झालेला बघून तिचा पाय चांगला म्हणतील. चांगला म्हणणंसुद्धा नको."

मी सांगितलं. चवथीला, आरती झाल्यावर, मखरासमोर उभा राहून. भाऊ तेव्हा निवृत्त होऊन घरीच होता. तो समईची वात सारखी करत राहिला. बाकीचे आत्याकडे बघत होते. आत्या आता नव्वदीला टेकली होती, पण ऐकू सगळं येई.

"कौल खोटो नव्हतो मगे," ती म्हणाली. मग म्हणाली, "देवान दोष म्हटलो. नाव आमी घातला."

एक चुलत भाऊ हसला आणि कुणी हसलं नाही म्हणून थांबला. आत्या वहिनींना म्हणाली, बाय, उद्यापासून नैवेद्य तू कर. आमचा गणपती पाच दिवसांचा असतो.

वहिनी म्हणाल्या, "माका आता चवथीच्या सकाळी ओसरीवर बसायची सवय झाली. ती मोडू नका. भावजी करतील."

याला कुणी नाही म्हणालं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी सोवळं नेसून चुलीपुढे बसलो. आत्या पाटावर बसून सांगत होती: खतखत्याच्या मिसळ भाजीत तिरफळं किती, हळदीच्या पानावर पीठ किती पातळ, मोदकाला पाकळी कशी काढायची. माझ्या मोदकांना पाकळ्या आल्या नाहीत. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचा नसतो, त्यामुळे काय झालंय ते कळायला मार्ग नव्हता. ओसरीवर वहिनी वर्तमानपत्र वाचत होत्या. मधेच पान उलटल्याचा आवाज येई.

दुपारी पंगत बसली. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीने पहिल्या पंगतीला बसल्या होत्या, आणि त्यांना ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्यांनी खतखत्याचा घास घेतला, चावला, गिळला.

"मीठ नाही," त्या म्हणाल्या.

पुतण्या उठू लागला. त्यांनी त्याला हाताने खाली बसवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पेडण्याच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ पाहिलं. मी मिठाची वाटी घेतली आणि पंगतीच्या टोकापासून एकेका पानावर मीठ वाढत निघालो.