आजीच्या हातची आंघोळ

आमच्या अमरावतीच्या नवजात विभागात मी सिस्टर आहे आणि माझ्या आवाजाची तिथं दहशत आहे. हात न धुता कोणी आत पाय टाकला की मी अशी डाफरते की डॉक्टरसुद्धा मुकाट्याने मागे फिरतात. हिवरखेडच्या त्या आजीला मात्र आत या म्हणून ओरडावं लागत होतं. नात आत, आजी काचेबाहेर, दोन्ही हात पदराखाली.

नातीला जन्मतःच रक्ताचा कॅन्सर होता. असं बाळ क्वचितच येतं. अंगावर निळसर गाठी, जरा दाब पडला की कातडी काळीनिळी. तिची कूस बदलतानाही मी बोटं हलकेच टेकवत असे. त्या दिवशी तिला नागपूरला हलवायचं होतं. सोबत आईवडील जाणार, आजी गावी मोठ्या नातवाजवळ राहणार. पुन्हा भेट होईल की नाही, हे कोणी बोलत नव्हतं.

शेवटी मी आजीला धारेवर धरलं. "आजी, लेकरू चाललं नं नागपूरले. एकदा तरी मांडीवर घ्याल का नाई?"

ती रडायलाच लागली. "मले नोको देऊ वं बाई. घरी नेल्यावर मीच न्हाऊ घातलं हिले. पायावर घेऊन तेलानं चोळलं. संध्याकाळी पाह्यलं तं सारं अंग निळं. शेतातले हात माये, जोर झाला."

डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, पण हे तिनं कोणाला विचारलंच नव्हतं. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडते.

"पोटात होती तवाच झाला हा रोग. तुमच्या हातानं नाई, कोणाच्याच चुकीनं नाई. चाला, हात धुवा."

तिचे हात मीच कोपरापर्यंत धुतले. खुर्चीत बसवलं तर सवयीनं तिनं दोन्ही पाय लांब केले, बाळाला न्हाऊ घालायला बसतात तसे. मी नात तिच्या मांडीवर ठेवली.

"चोळायचं नाई. नुसता हात ठेवा."

तिनं तळवा टेकवला, उचलला, खाली नवा डाग उमटला का ते पाहिलं, आणि मग पुन्हा टेकवला. नात झोपूनच होती.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स दाराशी लागल्याचा निरोप आला. मी बाळ घ्यायला हात पुढे केले.

"थांब नं वं बाई जराशी," आजी म्हणाली. "आत्ताच तं भेव गेलं मायं."

मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला खडसावलं, डॉक्टर यायचे आहेत अजून, घाई करू नको. डॉक्टर माझ्या शेजारीच उभे होते.